हे आपलंच काही सुटलंय का?

अमेरिकेच्या जॉन्सन स्पेस सेंटरच्या साइटवर अंतराळवीरांनी वरून काढलेल्या फोटोंचा खजिना आहे, कुणीही उघडून बघावा, आणि त्यातच १९९८च्या एसटीएस-८८ या स्पेस शटल मोहिमेच्या ७२४ नंबरच्या रोलमधल्या ६५ ते ७० अशा सहा फ्रेम आहेत. खाली निळा समुद्र, त्यावर पांढरे ढग, आणि मधोमध एक काळी, वेडीवाकडी, टोकं निघालेली वस्तू. एका फ्रेममध्ये तिची कड उन्हात चकाकतेय, पुढच्या फ्रेममध्ये ती ठार काळी, त्याच्या पुढच्यात तिचा आकारच बदललेला. मी हे फोटो इतक्या वेळा बघितलेत की आता डोळे मिटले तरी दिसतात, आणि खरं सांगते, पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येणं अगदी साहजिक आहे.

हेच ते सुप्रसिद्ध "ब्लॅक नाइट"चे फोटो. म्हणजे तेरा हजार वर्षांपासून पृथ्वीभोवती फिरणारा परग्रहवासीयांचा उपग्रह, असं जे दर चार-सहा महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतं ते. त्या कथेत बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी एकत्र शिवल्यात. निकोला टेस्ला या संशोधकाला १८९९ मध्ये कोलोरॅडोत ऐकू आलेले विचित्र सिग्नल, १९२०च्या दशकात रेडिओवाल्यांना उशिरा ऐकू येणारे प्रतिध्वनी, १९६० मध्ये दिसलेला एक अनोळखी उपग्रह (तो अमेरिकेच्याच डिस्कव्हरर मालिकेतला तुकडा निघाला), आणि मग १९७३ मध्ये डंकन लूनन या स्कॉटिश लेखकाने त्या प्रतिध्वनींवरून काढलेला ताऱ्यांचा नकाशा, तेरा हजारचा आकडा तिथून आला, आणि तो दावा पुढे त्यानेच मागे घेतला. यातल्या कशाचाही एकमेकांशी संबंध नाही, आणि १९९८च्या फोटोंशी तर नाहीच नाही.

फोटोतली वस्तू काय आहे ते माहितीये. डिसेंबर १९९८, एंडेव्हर शटल, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे पहिले दोन तुकडे जोडायची मोहीम. रशियाचं झार्या आधीच वर गेलेलं, अमेरिकेचं युनिटी शटलने सोबत नेलेलं. जेरी रॉस आणि जेम्स न्यूमन बाहेर जाऊन केबल जोडत होते, कव्हरं घालत होते. युनिटी शटलच्या पोटात ज्या जाड धातूच्या खुंट्यांवर टेकवून नेलं होतं त्या खुंट्या आता उघड्या पडलेल्या, त्यातून आतली उष्णता बाहेर जाते, म्हणून त्यांच्यावर घालायला उष्णतारोधक पांघरुणं होती. त्यातलं एक रॉसच्या हातून सुटलं. कमांडर बॉब कॅबाना यांनी आतूनच त्याला सांगितलं की जेरी, एक कव्हर तुझ्याकडून निसटलंय. मग ते गिरक्या घेत लांब लांब जायला लागलं आणि आतल्या लोकांनी कॅमेरा उचलून त्याचे फोटो काढले. जमिनीवरच्या रडारवाल्यांनी त्याला २५५७० असा नंबर दिला. हलकं आणि पसरट असल्यामुळे तिथल्या विरळ हवेनेही त्याला पटकन खाली ओढलं, आणि थोड्याच दिवसांत ते जळून गेलं.

माझा भाचा नववीत आहे, त्याने मला हेच रील पाठवलं होतं.

"मावशी, हे खरंय ना? नासाचाच फोटो आहे."

"फोटो शंभर टक्के खरा आहे रे."

"मग?"

मग मी त्याला वरचं सगळं सांगितलं. दोन मिनिटं तिकडून काही नाही, आणि मग मेसेज, "म्हणजे पांघरूण? मग त्यात काय एवढं."

त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, कारण ते मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. त्यात काय एवढं, हे सांगायलाच हे सगळं लिहितेय.

आधी डोळ्यांचं बघू. जमिनीवर आपल्याला लांबचं-जवळचं कळतं ते किती गोष्टींच्या आधाराने कळतं याचा आपण कधी विचारच करत नाही. लांबचा डोंगर धुरकट दिसतो, झाडापेक्षा माणूस केवढा हे माहिती असतं, मध्ये रस्ता असतो, विजेचे खांब असतात. वर यातलं काहीच नाही. हवा नाही म्हणजे धुरकटपणा नाही, काळ्या पार्श्वभूमीवर उन्हात चमकणारी वस्तू, ती दोन मीटरवरची तांदळाएवढी बर्फाची कपची आहे की दोन किलोमीटरवरचा उपग्रह, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही, कितीही अनुभवी पायलट असला तरी. त्यात आणखी गंमत म्हणजे वेग. यान सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने चाललेलं असतं पण त्याच्यापासून सुटलेली प्रत्येक गोष्टही तेवढ्याच वेगाने चालते, त्यामुळे ती मागे पडत नाही, सोबतच राहते, हळूहळू सरकते, आणि वर किंवा बाजूला हलकेच ढकलली गेलेली वस्तू पृथ्वीची एक फेरी झाली की दीड तासाने परत जवळ येऊ शकते. म्हणजे बघणाऱ्याला वाटणार की कुणीतरी पाठलाग करतंय! कारण ती खरंच येतेय, थांबतेय, परत जातेय.

जॉन ग्लेनला २० फेब्रुवारी १९६२ला हेच झालं. फ्रेंडशिप ७ मधून पृथ्वीभोवती जाणारा तो पहिला अमेरिकन, आणि सूर्योदयाच्या वेळी त्याला खिडकीबाहेर हजारो चमकणारे कण दिसले, पिवळसर हिरवे. त्याने रेडिओवर सांगितलं की काजव्यांसारखं काहीतरी आहे सगळीकडे. त्याच्याजवळ कॅमेराही होता, कोको बीचच्या एका दुकानातून साधारण चाळीस डॉलरला घेतलेला. खाली कुणालाच काही सांगता येईना. तीन महिन्यांनी, २४ मे १९६२ला, स्कॉट कार्पेंटर ऑरोरा ७ मधून गेला, त्यालाही ते दिसले, आणि त्याने काय केलं तर यानाच्या भिंतीवर आतून हात आपटला. धप्प. बाहेर काजव्यांचा थवा उडाला. यानातून बाहेर पडणारी वाफ बाहेरच्या बाजूला गोठून दहिवर व्हायचं आणि त्याचे कण सुटायचे, कौलातून कवडसा आला की कसे हवेतले धूलिकण पेटल्यासारखे दिसतात तसे ते तिरप्या उन्हात पेटायचे.

मला कार्पेंटरचं ते भिंतीवर हात आपटणं फार म्हणजे फार आवडतं. ग्लेनला खोटं पाडायचं नव्हतं त्याला, आणि देवदूत आहेत असंही म्हणायचं नव्हतं, त्याने एक साधी शंका घेतली की हे माझ्याच यानाचं आहे का, आणि ती तपासायला हाताशी होतं ते वापरलं.

पण सगळ्यांच्या बाबतीत एवढं सरळ होत नाही. जेमिनी ४ हे अमेरिकेचं यान घ्या, जून १९६५. जेम्स मॅकडिव्हिट आणि एड व्हाइट. ३ जूनला व्हाइट यानाबाहेर पडला, अमेरिकेचा पहिला स्पेसवॉक, आणि तेव्हा उघड्या दारातून त्यांचा एक जादाचा हातमोजा तरंगत बाहेर गेला. त्याच दिवशी सकाळी त्यांनी आणखी एक प्रयत्न केलेला, आपल्याच टायटन रॉकेटच्या रिकाम्या दुसऱ्या टप्प्याजवळ जायचा. मॅकडिव्हिट कसलेला फायटर पायलट, त्याने नाक त्या दिशेला करून इंजिन मारलं आणि तो टप्पा जवळ यायच्या ऐवजी लांबच जायला लागला! कारण कक्षेत पुढच्याला गाठायला वेग वाढवला की आपण वरच्या कक्षेत जातो आणि वरची कक्षा म्हणजे लांबचा रस्ता, मागेच पडतो, गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली यायला लागतं. हे कागदावर माहिती असलेल्यांना माहिती होतं पण हाताला सवय नव्हती. टप्पा नक्की किती लांब आहे यावर तर दोघांचे अंदाजही जुळत नव्हते. शेवटी इंधन संपत चाललं म्हणून नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी व्हाइट झोपलेला, यान आपलं आपण वाहत होतं, हवाईच्या आसपास, आणि मॅकडिव्हिटला खिडकीतून एक पांढरं नळकांडं दिसलं, कोपऱ्यातून एक दांडा बाहेर आलेला. बिअरच्या कॅनमध्ये पेन्सिल खोचल्यासारखं, हे त्याचंच वर्णन. केवढं, किती लांब, काही कळायला मार्ग नाही. त्याने शेजारी तरंगणारे दोन कॅमेरे पकडून घाईघाईत फोटो काढले, तेवढ्यात ऊन खिडकीवर आलं, खिडकी आधीच मळलेली, सगळं पांढरं झालं, आणि ऊन सरकल्यावर बघतो तर वस्तू गायब.

पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खाली आल्यावर फिल्म धुतली गेली, आणि त्याने स्वतः ती बघायच्या आतच एक फोटो प्रसिद्धीला दिला गेला, त्यात शेपटी असलेला अंडाकृती उजेड. जगभर छापून आला. मॅकडिव्हिटने फिल्म बघितल्यावर सांगितलं की हे मी बघितलेलं नाही, हा खिडकीवरचा उजेड आहे. कुणी ऐकलं नाही. इकडे रडारवाल्यांनी सुचवलं की तो पेगासस २ उपग्रह असेल, पण तो होता जवळजवळ दोन हजार किलोमीटर लांब. उडत्या तबकड्यांच्या दाव्यांचा अभ्यास करणाऱ्या, कोलोरॅडो विद्यापीठाच्या काँडन समितीचा अहवाल आला त्यात फ्रँकलिन रोच यांनी अंतराळवीरांच्या निरीक्षणांवरचं प्रकरण लिहिलंय, त्यात हे न उलगडलेल्यात टाकलं. पुढे ह्यूस्टनच्या मिशन कंट्रोलमध्ये अनेक वर्षं काम केलेले जेम्स ओबर्ग यांनी सगळं परत तपासून म्हटलं की तो बहुतेक टायटनचाच टप्पा, आदल्या दिवशी ज्याच्यामागे धावत होते तोच. मला ओबर्ग यांचं म्हणणं पटतं. नळकांड्याचा आकार, आणि त्या कक्षेत तेव्हा आसपास असण्यासारखी दुसरी मोठी वस्तू कुठली होती! मॅकडिव्हिट मात्र पुढची अनेक वर्षं एवढंच सांगत राहिले की मला ते ओळखता आलं नाही. परग्रहाचं यान असं ते म्हणाले नाहीत आणि नक्की माझाच टप्पा असंही दडपून म्हणाले नाहीत. एवढा दबाव दोन्ही बाजूंनी, आणि माणूस आपल्या डोळ्यांनी दिसलं तेवढ्यावरच उभा, याचं मला मनापासून कौतुक आहे.

बाकीची प्रसिद्ध प्रकरणं मी थोडक्यात उरकते कारण त्यांच्यात फार काही नाही. १९९६ची एसटीएस-७५, जवळजवळ वीस किलोमीटर लांब तार सोडली होती आणि २५ फेब्रुवारीला ती तुटली, नंतरच्या व्हिडिओत त्या तारेभोवती मोठमोठ्या खाच असलेल्या गोल तबकड्या फिरताना दिसतात. कॅमेऱ्याचा फोकस लांबच्या तारेवर, जवळून जाणारे बारीक कण फोकसबाहेर, म्हणून त्यांच्या तबकड्या झाल्या, आणि खाच कॅमेऱ्यातलीच. ती तार फक्त अडीच मिलीमीटर जाड होती, व्हिडिओत मात्र जाड पट्ट्यासारखी दिसते, यावरूनच कॅमेरा काय करत होता ते समजावं. १९९१ची एसटीएस-४८, एक ठिपका अचानक वळून पळतो, कारण शटलचं छोटं इंजिन सुटलं आणि त्याच्या झोताने बर्फाचा कण उडाला. आणि ऑगस्ट २०२०, इव्हान वॅगनर या रशियन अंतराळवीराने दक्षिण ध्रुवाकडचा अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, टिपताना ओळीने पाच उजेड पकडले, सारख्या अंतरावर, ते बहुतेक स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेटसाठी सोडलेले, उपग्रह. अलीकडे तर डॉन पेटिटसारख्या अंतराळवीराने, मुरलेल्या फोटोग्राफरने, स्टारलिंकची चकाकी मुद्दाम शोधून टिपली, कारण क्षितिजापाशी त्यांच्यावर ऊन विशिष्ट कोनात पडलं की ते ठिणग्यांसारखे चमकतात. आकाशात माणसाच्या वस्तू एवढ्या झाल्यात की ओळखीच्या यादीत त्या पहिल्या ठेवायला लागतात.

आपल्याकडेही हे झालंच की. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी आकाशात जळत जाणारे तुकडे बघितले, अर्ध्या तासात मोबाइलवर व्हिडिओच व्हिडिओ, उल्का, विमान, क्षेपणास्त्र, जो तो आपलं. आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात साधारण तीन मीटर व्यासाची धातूची रिंग येऊन पडली. ती चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या टप्प्याची असणार, असं कक्षांच्या हिशेबावरून जाणकारांनी सांगितलं. गावातल्या लोकांनी ती हात लावून बघितली. मॅकडिव्हिटला खिडकीतून जे दिसलं असावं त्याच जातीची वस्तू, फक्त ही अंगणात आलेली.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तिथे येते.

१६ जानेवारी २००३ला कोलंबिया उडालं. साधारण ८२व्या सेकंदाला बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निघून डाव्या पंखावर आदळला. हे दुसऱ्या दिवशी उड्डाणाच्या फिल्मवर दिसलं. काही इंजिनिअरांनी आग्रह धरला की लष्कराच्या दुर्बिणी, उपग्रह वापरून पंखाचे फोटो काढून घ्या. ते झालं नाही. त्या मोहिमेवर यांत्रिक हात नव्हता, आणि पंखाची ती कड आतून खिडकीतून दिसण्यासारखी नव्हती. २३ तारखेला वर यानात ईमेल गेलं की फोम लागलाय पण काळजीचं कारण नाही.

मधल्या काळात, १७ जानेवारीला, कोलंबियाने दिशा बदलण्यासाठी हालचाल केली आणि त्यानंतर एक छोटी वस्तू यानापासून सुटून हळूहळू लांब गेली. आतल्या सातांपैकी कुणी ती पाहिल्याची नोंद नाही. खालीही कुणी पाहिली नाही. लष्कराच्या रडारने मात्र तिची नोंद घेतली होती, यंत्राने आपोआप, आणि ती नोंद तशीच पडून राहिली. साधारण अडीच दिवसांनी ती वस्तू वातावरणात येऊन जळून गेली.

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. टीव्हीवर टेक्सासच्या आकाशात त्या पांढऱ्या रेघा, एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि निवेदक पुन्हा पुन्हा कल्पना चावलाचं नाव घेतोय. आमच्या घरात कुणीच जेवायला उठलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांमध्ये तिचा तो केशरी सूटमधला हसरा फोटो होता, तो माझ्याकडे बरीच वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता.

अपघातानंतर हवाई दलाच्या लोकांनी रडारच्या सगळ्या जुन्या नोंदी उपसल्या तेव्हा ती वस्तू सापडली. मग त्यांनी शटलच्या बाहेर असू शकणाऱ्या कितीतरी गोष्टी, पांघरुणं, उष्णतारोधक टाइल, पट्ट्या, घेऊन प्रयोगशाळेत तपासलं की कशाचं रडारवरचं रूप असं दिसेल आणि कोणती वस्तू इतक्या दिवसांत खाली येईल. एकेक करून बहुतेक वगळल्या गेल्या. राहिला तो पंखाच्या पुढच्या कडेला असतं त्या कार्बनच्या कवचाचा तुकडा, जिथे फोम लागला होता तिथला. चौकशी मंडळाने पूर्ण खात्री आहे असं म्हटलं नाही, पण तपासलेल्यात जुळणारं ते हेच. आणि त्याच अहवालात हेही आहे की नुकसान वेळेत कळलं असतं तर मार्चच्या उड्डाणासाठी तयार होत असलेलं अटलांटिस घाई करून वर पाठवायची शक्यता होती. अतिशय अवघड, धोक्याची, पण कागदावर बसणारी.

म्हणजे बघा, अंतराळातल्या अनोळखी वस्तूंच्या साठ वर्षांच्या गोष्टींमध्ये जी वस्तू सगळ्यात महत्त्वाची होती तिचा फोटोच नाही. ती बघून "हे काय आहे" असं कुणी विचारलं नाही, कारण कुणाला दिसलीच नाही, आणि जे विचारत होते त्यांचं ऐकलं गेलं नाही. मला हे अजूनही सहन होत नाही. म्हणून "पांघरूण? मग त्यात काय एवढं" या प्रश्नाला माझं उत्तर असं की यानाशेजारी तरंगणारी वस्तू आपलीच निघाली की गोष्ट संपत नाही, तिथून खरी सुरू होते. आपली आहे, तर कुठून सुटली? तिची जागा आता रिकामी आहे का? परत जाताना तिथून आग आत शिरेल का? परग्रहाची निघाली असती तर आश्चर्य वाटलं असतं. आपली निघाली तर सात जणांचा जीव तिच्यावर असू शकतो.

कोलंबियानंतर हे बदललं, आणि ते बघून थोडं बरं वाटतं. पुढची शटलं स्थानकाजवळ पोचली की साधारण १८० मीटर खाली थांबून उभ्या उभ्या पूर्ण कोलांटी घ्यायची आणि स्थानकातले अंतराळवीर ४०० आणि ८०० मिलीमीटरच्या लेन्स लावून त्यांच्या पोटाचे धडाधड फोटो काढायचे, टाइल न् टाइल. एसटीएस-११४ मध्ये, २००५ला, दोन टाइलच्या फटीतून भरणीच्या पट्ट्या बाहेर आलेल्या दिसल्या आणि ३ ऑगस्टला स्टीफन रॉबिन्सनने यांत्रिक हातावर उभं राहून शटलच्या पोटाखाली जाऊन त्या नुसत्या बोटांनी ओढून काढल्या. आणि सप्टेंबर २००६, एसटीएस-११५, अटलांटिस परत यायच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्यात एक काळी वस्तू यानाबरोबर तरंगताना दिसली. पूर्वी असती तर बर्फ असेल, कचरा असेल म्हणून सोडून दिली असती. यावेळी उतरणं एक दिवस पुढे ढकललं, यांत्रिक हाताने सगळं यान परत तपासलं, दुसरे दोन-चार तुकडे दिसले त्यांचेही फोटो काढले. निघालं काय, तर बहुतेक टाइलच्या फटीत बसवलेली प्लास्टिकची एक पट्टी. २१ सप्टेंबरला सहाही जण सुखरूप उतरले. त्या एका दिवसाच्या उशिराला कुणी पैशाचा चुराडा म्हटलं असेल, मला तो कार्पेंटरच्या भिंतीवरच्या हाताइतकाच प्रिय आहे.

त्या सहा जणांत हायडमरी स्टेफानिशिन-पायपर होत्या. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २००८ मध्ये, त्या स्पेसवॉक करत असताना बॅगेत ग्रीसची पिचकारी फुटली, सगळीकडे ग्रीस, ते पुसता पुसता अख्खी हत्यारांची बॅग सुटून गेली. हौशी आकाशनिरीक्षकांनी ती बॅग जमिनीवरून दुर्बिणीने शोधून काढली, पुढच्या ऑगस्टमध्ये जळून जाईपर्यंत ती फिरत होती. नंतर अंतराळवीर लेलँड मेल्विन यांनी सांगितलेला किस्साही असाच, शटलच्या पोटातून अर्धपारदर्शक, वळणदार, एखाद्या जिवंत प्राण्यासारखं काहीतरी तरंगत बाहेर निघालेलं त्यांना आणि रँडी ब्रेस्निकना दिसलं. त्यांनी लगेच खाली विचारलं. उत्तर आलं, यान थंड ठेवणाऱ्या फ्रीऑनच्या नळ्यांवरून सुटलेला बर्फ. विचारलं म्हणून कळलं.

आणि हे सगळं वाचून कुणाला वाटेल की प्रत्येक गोष्ट शेवटी बर्फ नाहीतर पांघरूण, तर तसंही नाही, आणि याचा सगळ्यात सुंदर पुरावा परत कोलंबियाच्याच त्या शेवटच्या फेरीतला आहे.

त्या मोहिमेवर इलान रामोन हे पहिले इस्रायली अंतराळवीर होते आणि त्यांच्यासोबत वाळवंटी धुळीचा अभ्यास करणारा एक प्रयोग. दिवसा तो कॅमेरा धूळ बघायचा, रात्री वादळांवर रोखायचा, ढगांच्या वर विजेमुळे क्षणभर पेटणारे लाल उजेड पकडायला, ज्यांना स्प्राइट म्हणतात. हे स्प्राइट पायलट लोक कितीतरी वर्षं सांगायचे, त्यांचा पहिला फोटो १९८९ला, मग शटलच्या जुन्या टेप परत चाळल्या तर त्यातही ते होतेच, इतके दिवस कुणी बघितले नव्हते. २० जानेवारी २००३ला, मादागास्करच्या दक्षिणेला हिंदी महासागरावर, त्या कॅमेऱ्याने एक उजेड टिपला. आधीची वीज तिथून हजार किलोमीटरहून लांब, आणि ती वीज नि हा उजेड यांच्यात जेमतेम पाव सेकंदाचा फरक. आकार स्प्राइटचा नाही, माहितीतल्या दुसऱ्या कशाचाही नाही. यान गेलं, आतल्या टेप गेल्या, पण जेवढं चित्रण आधीच खाली पाठवलं होतं तेवढं उरलं, त्यात हे होतं. योआव याइर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ला ते प्रसिद्ध केलं, टायगर असं त्याला नाव दिलं, आणि तीन शक्यता मांडल्या, पृथ्वीच्या चुंबकीय रेषेच्या दुसऱ्या टोकाला पडलेल्या विजेचा परिणाम, विजेमुळे वरून कोसळलेले इलेक्ट्रॉन, किंवा बाहेरून आलेली उल्का नाहीतर धूमकेतूचा कण. कुठलीही एक निवडून त्यांनी फाइल बंद केली नाही.

ज्या यानाजवळून सुटलेला तुकडा कुणी बघितला नाही त्याच यानातून, तीनच दिवसांनी, इतकं काळजीपूर्वक बघितलं गेलं. कॅमेऱ्याचा फिल्टर कोणता, वेळ कोणती, यानाचा कोन कोणता, सगळं नोंदलेलं, म्हणून तर विजेपासूनचं अंतर आणि सेकंदाचा भाग सांगता आला. नंतर २०१५ मध्ये अंतराळवीर आंद्रेयास मोगेन्सेनने स्थानकावरून बंगालच्या उपसागरावरचं वादळ हातातल्या कॅमेऱ्याने १६० सेकंद टिपलं आणि त्यात ढगमाथ्यावरचे २४५ निळे चमकारे मोजता आले, तेही वेळ आणि जागा माहिती होती म्हणूनच.

गगनयानमधून आपली माणसं जातील तेव्हा तीही खिडकीतून काहीतरी बघतील, बघणारच, फोटो काढतील, आणि त्यातल्या एखाद्या फोटोत एखादा ठिपका असेल. माझी इच्छा एवढीच की इस्रोने ते फोटो निवडून, सजवून नव्हे तर सगळेच्या सगळे, फ्रेम नंबर, वेळ, लेन्स आणि रेडिओवरच्या बोलण्यासकट सगळ्यांना बघायला ठेवावेत, मळलेल्या खिडकीचेही, हललेलेही, आणि ठिपका दिसल्यावर अंतराळवीराने खाली काय विचारलं आणि खालून काय उत्तर आलं तेही.